एडनच्या आजीचा टाक

एडनच्या आजीची फुशारकी मी पहिल्यांदा मारली ती आखातात, ईसा टाउनमध्ये, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या ताटावर बसून. शुक्रवारची सुट्टी होती. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींकडे जयंतीच्या तयारीची मीटिंग होती, आणि मीटिंग म्हणजे जेवण हे ठरलेलंच. सेक्रेटरी एसीच्या कंपनीत इंजिनिअर. बायको, दोन मुलं, सगळं बिऱ्हाड इथंच. त्यांची धाकटी माझ्या पोरीच्याच वयाची, दहा वर्षांची. आईनं मराठीत हाक मारली की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आई 'मराठीत बोल गं बाई' म्हणत तिची वेणी घालायची. मी आमटी-भात कालवत ते बघत होते. कालवतच राहिले.

तेवढ्यात सेक्रेटरींनी काढलं की यंदा स्मरणिका काढू या. प्रत्येकानं आपल्या घराण्यातल्या पहिल्या माणसाबद्दल एक पान लिहावं. पहिला मॅट्रिक, पहिला मास्तर, पहिला सरकारी नोकर. विषय फिरला तो सगळा बाप्यांकडेच. बायकांनी काय, पापड तळायचे. माझं डोकं सटकलं.

"आमच्या घराण्यात पहिली बाई आहे," मी म्हटलं. "तुमच्या सगळ्यांच्या आधी समुद्र ओलांडून गेलेली. शंभराच्या वर वर्षं झाली. एडनला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग मी थांबते कुठली. सांगून टाकलं सगळं. माझ्या पणजोबांची आई. नवरा पलटणीत शिपाई, तापानं गेला. ती दापोलीच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाची मुलं सांभाळायला राहिली आणि साहेबाची बदली एडनला झाली तेव्हा मडमेबरोबर बोटीत बसून गेली. मागं अडीच वर्षांचा मुलगा जावेकडे ठेवला. अकरा वर्षांनी परत आली आणि कमावून आणलेल्यातून तिनं वाडीत विहीर खणून घेतली, कारण गावच्या विहिरीवर आम्हाला कोणी उभं करत नव्हतं. ती विहीर अजून आहे. अजून तिला एडनची विहीरच म्हणतात. एवढी गोष्ट आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

"ताई, मग पहिलं पान तुमचंच," सेक्रेटरी म्हणाले. "पण नुसती गोष्ट नको. नीट शोध घ्या. कशी होती, काय काय केलं, परत आल्यावर पुढं काय झालं. आपल्या पोरांना कळू दे."

म्हणजे मी हौसेनं गळ्यात धोंड बांधून घेतली.

मी तेव्हा मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पोर तीन वर्षांची असताना नवरा काविळीनं गेला. टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या होत्या, लांबच्या नात्यातल्या एका भावानं व्हिसा काढून दिला. तीन वर्षांसाठी म्हणून आले. पोरीचं शिक्षण, डोक्यावर पक्कं छप्पर, की खलास, परत जायचं. पोर चार वर्षांची होती. तिला दादा-वहिनीकडे ठेवली, खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत. तिनाची पाच झाली, पाचाची सहा. आता मे महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि आणखी दोन वर्षांच्या रिन्यूअलचा फॉर्म माझ्याच टेबलाच्या खणात पडला होता. मीच टाइप केलेला. फक्त सही राहिली होती.

सही का होत नव्हती ते सांगते. सहा वर्षांत दोनदा रजेवर गेले. पहिल्या रजेत पोर माझ्याजवळ येईना, वहिनीच्या पदरामागून बघायची. मी मनाशी म्हटलं, लहान आहे. दुसऱ्या रजेत ती आठ वर्षांची होती आणि मला बघून लपली वगैरे नाही. उलट पुढं आली, नमस्कार केला, पाण्याचा तांब्या आणि वर पेला पालथा घालून आणून दिला, पाहुण्यांना देतात तसा. "प्रवास कसा झाला?" म्हणाली. वहिनीनं शिकवलेलं असणार बिचारीनं. मला त्या लपण्यापेक्षा हे जास्त लागलं. पंचेचाळीस दिवस ती माझ्याशी इतकी चांगली वागली की मला ओरडून रडावंसं वाटायचं. मला माझी पोर परत हवी होती, आणि ती कुणाकडून आणि कशी मागायची ते कळत नव्हतं.

मनामा शहरात माझ्या खोलीत आम्ही तिघी. दोघी केरळच्या नर्स, स्वभावानं चांगल्या, पण त्यांच्या शिफ्ट अशा की एक येते तेव्हा दुसरी निघते, आणि मी असते तेव्हा एक तरी झोपलेली. ज्या आठवड्यात फोन नसायचा त्या आठवड्यात माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघायचा नाही. ऑफिसात इंग्रजी, व्हॅनमध्ये हिंदी, दुकानात खुणा. म्हणून तांदूळ निवडताना मी स्वतःशीच बोलायचे. 'बघ, खडा निघाला.' 'निघणारच, बघून घेतलास का?' 'आता शिकव मला.' असं भांडण करून घेतलं की जरा बरं वाटायचं.

तर शोध घ्यायचा म्हणजे विचारायचं कुणाला? वडील जाऊन दहा वर्षं झालेली. कागदपत्र आमच्यात कुठून असणार. राहिली एकटी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या घरातली, लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, दादाच्याच घरी राहणारी. तिला अक्षरओळख नाही. तिचं पत्र म्हणजे ती बोलणार आणि घरातलं शिकतं पोर लिहिणार. आमच्या वाडीत सगळ्या म्हाताऱ्या माणसांची पत्रं अशीच जायची. आमच्या घरात शिकतं पोर एकच होतं, माझं.

यात माझी एक लबाडी होती, ती कबूल करते. पोरीची एरवीची पत्रं पाच ओळींची यायची. 'ती. आईस सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. तूही खुशाल असशील. माझी परीक्षा चांगली गेली. मामा, मामी आणि आत्याआजी खुशाल आहेत.' पुढं सही. वहिनी पाठीशी उभं राहून लिहून घ्यायची हे अक्षरागणिक कळायचं. मी म्हटलं, आत्या बोलायला लागली की थांबत नाही. दोन-दोन, तीन-तीन पानं लिहावी लागतील. आजीच्या निमित्तानं पोरीचं अक्षर तरी जास्त बघायला मिळेल.

आणि मिळालं. पहिलं पत्र आलं ते चक्क चार पानांचं, लाल-निळ्या काठाच्या पाकिटात, वहीचे कागद. कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायची पत्रं, ऑफिसबॉय माझ्या टेबलावर आणून टाकायचा. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोडायची नाही. डबा बाजूला ठेवून वाचायची.

आत्या 'हुती' म्हणते, पोर 'होती' लिहिते. शाळेच्या बाईंनी शिकवलेलं शुद्धलेखन. पण घाईत मधूनच एखादं 'हुती' तसंच राहून जायचं आणि तिथं मला आत्याचा आवाज ऐकू यायचा. शिवाय पोर कंस करून आपलंही घालायची. '(इथे आत्याआजी खोकली.)' '(हे तिने मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं.)' '(आता मामी जेवायला बोलावते आहे, उरलेलं उद्या.)' त्या कंसांसाठी मी पत्र चार-चारदा वाचायची. आजी राहिली बाजूला.

आजीचंही कळत गेलं म्हणा. बोटीत बसताना तिनं बरोबर भाजलेल्या नाचणीच्या पिठाची पिशवी घेतली होती आणि उलट्यांमुळे त्यातलं चिमूटभरही खाल्लं नाही. पिशवी तशीच एडनला उतरली. परत आली ती छत्री घेऊन. वाडीत बाईच्या हातात छत्री कोणी बघितली नव्हती. पहिल्या पावसाळ्यात ती उघडायला तिला लाज वाटली आणि ती भिजत शेतावर गेली, छत्री काखेत. बिनदुधाचा काळा चहा प्यायची, तो आमच्या घरात अजून पितात. सहीपुरती इंग्रजी अक्षरं काढायची, साहेबाच्या मुलांच्या पाटीवर शिकलेली. विहिरीला कातळ लागला तेव्हा सुरुंग लावणारा माणूस तिनं चिपळूणहून आणला आणि तो चार दिवस राहिला तर त्याला रोज कोंबडी घातली, काम टाकून जाऊ नये म्हणून. हे ऐकून मला ती फार आवडली. आम्ही तशाच आहोत. काम करवून घ्यायचं म्हणजे घ्यायचं.

आमच्या वर्कशॉपचा म्हातारा वॉचमन एडनकडचा होता. सहा वर्षं मी त्याच्यासमोरून जात होते आणि सलामापलीकडे कधी बोलले नव्हते. एक दिवस त्याला म्हटलं, बाबा, तुमच्या गावात आमची आजी राहून गेली. हिंदीत सांगितलं, त्याच्याजोगत्या मोडक्यातोडक्या. तो हसला, मला स्टूल दिलं, दूध नसलेला चहा दिला. एडन कसं आहे विचारलं तर म्हणाला, "पहाड है, धूप है, पानी मफी." म्हणजे पाणी नाहीच. डोंगरात कोरलेले जुने हौद आहेत, पाऊस पडला तर भरायचे, आणि पाऊस पडायचा तो इंशाल्ला. मग मला विहिरीचं जास्तच समजलं. मी खुशीत आले. त्यानं मग पाकिटातून फोटो काढला, पाच-सहा वर्षांचा मुलगा. "छोटा है," मी म्हटलं. "फोटो छोटा है," तो म्हणाला. "अब तो उसका मूंछ आया होगा." आणि चहाचे पेले विसळायला उठला.

त्या दिवशी टायपिंगमध्ये माझ्या भरमसाट चुका झाल्या.

फेब्रुवारीत मी पान लिहून दिलं. त्यात शेवटी एक गोष्ट घातली, ती वडिलांकडून ऐकलेली. धर्म बदलायच्या आधी आमच्या घरी देव्हारा होता आणि देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक, पत्र्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती. बाकी सगळे पितळेचे, एकच चांदीचा. तो पणजोबांनी आपल्या आईचा करून घेतलेला. खेडच्या सोनाराच्या पायरीखाली उभं राहून पैसे दिले आणि टाक ओंजळीत वरून टाकून घेतला. पुढं आम्ही धम्म घेतला तेव्हा वडिलांनी देव्हाऱ्यातलं होतं नव्हतं ते टोपलीत घातलं आणि नदीत सोडलं. त्यात तो चांदीचाही गेला. 'देव गेले त्याचं काही नाही,' वडील म्हणायचे, 'आजीला बाजूला काढायला हवी होती.' मला कळायला लागेपर्यंत सगळं झालं होतं, पण हे मी वडिलांच्या तोंडून दहादा ऐकलेलं.

त्यावरून मी लिहिलं की, ज्या मुलाला ती अडीच वर्षांचा टाकून गेली त्याच मुलानं तिला चांदीत घडवून घरात वरच्या जागी बसवली. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी ते मोठ्यानं वाचलं. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी ईसा टाउनहून परत येताना बसमध्ये मी पहिल्यांदा हलकी झाले. मी हिशेब मांडला, मनातल्या मनात: ती अकरा वर्षं राहिली. तरी मुलानं ओळखलं की आपली आई कुणासाठी गेली होती. मी तर आठच राहणार. पोर मोठी होईल, तिला कळेल. दोन वर्षं काय, अशी जातील.

शनिवारी ऑफिसात जाऊन फॉर्म खणातून वर काढून ठेवला. मॅनेजर रजेवर होता, आला की सही करून द्यायची. आणि तोपर्यंत बसल्या बसल्या आत्याला एक शेवटचं पत्र टाकलं. स्मरणिकेत चित्र घालायचं आहे, आपल्या वाडीतला एक पेंटर इथं आहे, तो काढून देतो म्हणाला. तर टाक दिसायला कसा होता तेवढं कळव. तू टोपली धरली होतीस ना बाबांबरोबर.

उत्तर मार्चमध्ये आलं. दोनच पानं. मी नेहमीप्रमाणे डबा बाजूला सारून वाचायला घेतलं.

'टाकावर बाई होती. उभी. कडेवर मूल. पण बाय, तो एडनवालीचा नव्हता. तो तिच्या मोठ्या जावेचा. तुझ्या बाबाला कोणी सांगितलं एडनवालीचा म्हणून? आजीचा टाक, आजीचा टाक असं सगळे म्हणायचे, त्याला वाटलं आजी म्हणजे विहीरवाली. तो लहान हुता. माझा आजा जावेलाच आई म्हणायचा. तिनेच त्याला वाढवला. गोवर आला तेव्हा तिनेच मांडीवर घेतला. एडनवाली परत आली तेव्हा तो साडेतेरा वर्षांचा होता. तिने अंगणात उभं राहून हाक मारली तर तो जावेच्या मागे जाऊन उभा राहिला. मग एडनवालीने विहीर खणली आणि विहिरीजवळच झोपडी बांधली. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. आजा रोज पाणी भरायला जायचा. ती विचारायची, जेवलास? तो म्हणायचा, जेवलो. उलट बोलला नाही कधी. तिचं दुखलंखुपलं बघितलं, तिची माती पण नीट केली. पण टाक केला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणाला, तिची विहीर आहे ना. हे तुला आधी सांगितलं नाही कारण तू विचारलं नाहीस.'

पुढं 'मामा, मामी खुशाल आहेत' आणि सही. सबंध पत्रात एकही कंस नव्हता.

मग राग आला, आणि सगळ्यात आधी आत्याचा आला. अगं म्हातारे, समोर लिहायला कोण बसलंय बघशील की नाही? तुझं सगळं आयुष्य गेलं, पण दहा वर्षांच्या पोरीला काय सांगावं आणि काय नाही एवढी अक्कल आली नाही? मग वडिलांचा आला, न बघता न विचारता गोष्टी सांगणारा माणूस. मग पणजोबांचा. शेवटी ज्याचा यायचा त्याचा आला, माझा स्वतःचा. टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून मी रडले. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होते, त्यामुळे नळाचीही गरज नव्हती.

मला सारखं दिसत होतं ते पोरीचं अक्षर. 'तो जावेच्या मागे जाऊन उभा राहिला.' हे तिनं लिहिलं. पहिल्या रजेत ती स्वतः जिथं उभी राहिली होती ते आठवत असेल का तिला? पाच-सहा वर्षांची होती. नसेल आठवत. पण समजलं असणार. माझी पोर आहे, समजल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्या शुक्रवारी मीटिंग होती. स्मरणिकेची पानं एका चांगल्या अक्षराच्या माणसाकडून लिहून घेऊन झेरॉक्सला जायची होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, माझ्या पानातलं शेवटचं काढा. टाकाचं.

"ताई, तेच तर सगळ्यांना आवडलं."

"आवडू दे. खोटं आहे ते. तो टाक तिच्या जावेचा होता."

"मग टाकाचं नुसतं गाळू. विहिरीवर संपवू."

"नाही," मी म्हटलं. "जावेचं पण लिहायचं. मी लिहून आणलंय."

सेक्रेटरी जरा वैतागले. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मागे पन्नास कामं होती. "अहो, विषय काय आपला? घराण्यातली पहिली व्यक्ती. जावेनं काय केलं?"

"घरी राहिली," मी म्हटलं.

दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं मी टोमणा मारला. सेक्रेटरींच्या बायकोनं मात्र पापडाचं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "लिहू द्या हो त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. मग त्यांनी लिहू दिलं. जयंतीला स्मरणिका निघाली, पण माझं पान कुणी मोठ्यानं वाचलं नाही, आणि मलाही कुणी वाचावं असं वाटत नव्हतं.

पण ते पुढचं. त्या मीटिंगमधून मी जेवायला न थांबताच निघाले, कारण दोन वाजता फोन ठरलेला होता. पंधरवड्यातून एकदा, शुक्रवारी आमचे दोन वाजले की तिकडे साडेचार. वहिनी पोरीला घेऊन बाजारातल्या एसटीडीच्या दुकानात येऊन बसायची आणि मी मनामात रस्त्यावरच्या बूथवरून कार्ड घालून लावायची. बूथमध्ये उन्हानं रिसीव्हर पोळायचा, तो रुमालात धरावा लागायचा. एरवी ठरलेलं बोलणं. कशी आहेस, बरी आहे, अभ्यास, परीक्षा, पाऊस, नाहीतर ऊन. आकडे कार्डावरून सरसर उतरत असायचे आणि मी त्यांच्याकडे बघत बोलायची.

त्या दिवशी आधी वहिनी बोलली, मग पोर आली. मी खुशाली विचारली नाही. एकदम म्हटलं, "तुझं पत्र आलं. टाकाचं."

"हं."

"तूच लिहिलंस ना सगळं?"

"आत्याआजी सांगत होती तसं लिहिलं." मग म्हणाली, "चुकलं का काही?"

"नाही गं. अक्षर छान आलंय." आता नाही तर कधीच नाही असं वाटलं. "मी इथलं काम सोडून घरी येऊ का? कायमची?"

मला दुकानातला पंखा ऐकू येत होता, कुणीतरी दुसऱ्या फोनवर ओरडत होतं ते ऐकू येत होतं, वहिनी 'काय गं?' म्हणालेली ऐकू आली. कार्डाचे आकडे उतरत होते. मी एवढं मात्र ठरवलं की या वेळी घाई करायची नाही. सगळं कार्ड गेलं तरी चालेल.

"मग मी कुठे राहणार?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू आलीस की आपण दुसरीकडे जाणार का? विहिरीजवळ?"

"नाही. विहिरीजवळ कशाला? मामाच्याच घरी राहायचं. मीही तिथंच राहणार."

"आणि झोपायचं मामीजवळच ना मी?"

हे बघा, मी काही फार सोशिक बाई नाही. मला त्या क्षणी वहिनीचा इतका हेवा वाटला की रिसीव्हर आपटावासा वाटला. जिनं माझी पोर सहा वर्षं न्हाऊ-माखू घातली, जिच्या पायांवर मी डोकं ठेवायला हवं, तिचा हेवा. मी रुमाल बदलून दुसऱ्या हातात रिसीव्हर धरला.

"हो," मी म्हटलं. "मामीजवळच झोप."

"नक्की?"

"नक्की."

"मग ये," ती म्हणाली.

शनिवारी मी फॉर्म फाडला आणि नोटीस टाइप करून मॅनेजरच्या ट्रेमध्ये ठेवली. त्याला वाटलं पगारवाढीसाठी नाटक करते आहे. त्यानं दोनदा बोलावून विचारलं. वॉचमनला सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटलं आणि 'यल्ला, जाओ' म्हणाला.

मे महिन्यात घरी पोचले. वहिनी अंगणात आली, दादा आला, आत्या भिंतीला धरून उभी राहिली. पोर वहिनीच्या बाजूला होती. मी तिला हाक मारली नाही. वहिनीला भेटले, आत्याला भेटले, मग पिशव्या आत नेल्या. दुपारी जेवणं झाली, ऊन मी म्हणत होतं, सगळी आडवी व्हायला पडवीत आली. पोरीनं अंथरुणं घातली. आधी मामीचं, मग त्याला लागून आपलं. मग तिसरी सतरंजी उघडून हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली, आणि मामीच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला तिनं माझं अंथरूण घातलं. वरून हातानं सपाट केलं, चांगलं दोनदा. मी गेले आणि तिथं जाऊन पडले. मधे वहिनी होती.